मुख्याध्यापकांना सांगितलं, मग माझं काम संपलं का? (पोक्सोचं प्रशिक्षण, नागपूर)

पाचवी-ब | शनिवार, रात्री ९.५०

नमस्कार. मी मानेवाड्याच्या बाजूला एका मराठी शाळेत शिकवते, १९ वर्षं झाली. मागच्या आठवड्यात आम्हा शिक्षकांचं पोक्सो कायद्यावर, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्यावर, दोन तासांचं प्रशिक्षण झालं. हॉल गच्च भरला होता, मे महिन्याचं ऊन, आणि कूलरचा आवाज इतका की मागच्या रांगांना काही ऐकू येत नव्हतं. पडद्यावर कलमं येत गेली, आम्ही मोबाईलवर फोटो काढत गेलो. शेवटी सह्या झाल्या, प्रमाणपत्र मिळालं.

मी एकच प्रश्न विचारला होता. मूल माझ्याजवळ येऊन सांगायला लागलं, तर मी पहिलं वाक्य काय बोलायचं? वेळ संपत आली होती, म्हणून ‘नंतर भेटा’ असं उत्तर मिळालं.

हा प्रश्न मला का पडतो ते सांगते. चार वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत डबा न खाता बसून राहायची. एक दिवस म्हणाली, ‘मॅडम, मला शिकवणीला नाही जायचं. सर जवळ बसवतात.’ मी विचारलं, ‘जवळ म्हणजे कसं?’ ती गप्प झाली. मग मी घाबरून एकामागून एक दहा प्रश्न विचारले असतील. ती रडायला लागली आणि ‘काही नाही’ म्हणाली. त्याच दिवशी मी तेव्हाच्या मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘मी पाहतो, तुम्ही कोणाजवळ बोलू नका.’ मी बोलले नाही. मला खरंच वाटलं की माझं काम झालं. दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही, नाव काढून नेलं होतं.

आता नव्या मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी शाळेच्या पातळीवरचं प्रशिक्षण ठरवायला मला सांगितलं आहे. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तोवर वेळ आहे. त्यात काय असावं, काय करून घ्यावं, हे इथल्या जाणकारांनी सांगावं. मला पुन्हा तसं प्रशिक्षण नको, ज्यातून बाहेर पडताना हातात फक्त फोटो असतात.

काळा कोट | शनिवार, रात्री ११.१५

मॅडम, मी सिव्हिल लाईन्सला जिल्हा न्यायालयात वकिली करतो, पोक्सोची प्रकरणं नेहमी असतात. तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, संपलं नव्हतं.

पोक्सो कायदा २०१२ चा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू. त्याच्या कलम १९ मध्ये कळवण्याचं कर्तव्य ‘कोणत्याही व्यक्तीवर’ आहे. शिक्षक, डॉक्टर, शेजारी, आजोबा, सगळे त्यात आले. आणि कळवायचं कोणाला? विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना. मुख्याध्यापक, संस्थेचे सचिव, शाळेची समिती, यांपैकी कोणीही त्या कलमात नाही. त्यांना जरूर सांगा, पण तेवढ्याने तुमचं कर्तव्य पुरं होत नाही. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला, तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड.

दुसरं म्हणजे, कायद्याचे शब्द नीट वाचा. गुन्हा घडण्याची शक्यता वाटत असेल किंवा घडल्याची माहिती असेल, तर कळवायचं. ‘पुरावा असेल तर’ असं कुठेही लिहिलेलं नाही. पुरावा गोळा करणं पोलिसांचं काम, पटणं न पटणं न्यायाधीशांचं.

प्रशिक्षणात हेही सांगा. तुम्ही दिलेली माहिती लिहून घेतली पाहिजे, नोंदीला क्रमांक पडला पाहिजे, आणि लिहिलेलं तुम्हाला वाचून दाखवलं पाहिजे. पोक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे माहिती घेणाऱ्याने स्वतःचं नाव, हुद्दा, फोन आणि वरच्या अधिकाऱ्याचं नाव, फोन तुम्हाला द्यायचा असतो. हे माहीत असलं की ठाण्यात गेलेला माणूस ‘नंतर या’ ऐकून परत येत नाही.

त्रिमूर्तीनगरचा बाबा | रविवार, सकाळी ८.०५

विषय महत्त्वाचा आहे, मलाही दोन मुली आहेत. पण एक भीती मांडतो. माझे मोठे बंधू शिक्षक आहेत. एखाद्या लेकराच्या अर्धवट वाक्यावरून पोलिसात गेलं आणि काहीच निघालं नाही, तर त्या माणसाचं काय? मोहल्ल्यात एकदा नाव गेलं की परत येत नाही. आधी शाळेने आपली चौकशी करून खात्री करू नये का?

काळा कोट | रविवार, सकाळी ९.३०

भाऊ, भीती खरी आहे. म्हणूनच शाळेने चौकशी करू नये. शाळा चौकशी करते तेव्हा काय होतं ते पाहा: पाच शिक्षक मुलाला पाच वेळा विचारतात, समोरच्याला बोलावून आमनेसामने करतात, संध्याकाळपर्यंत मोहल्ल्याला कळतं. यात मूलही भरडतं आणि निर्दोष माणूसही. गुपचूप पोलिसांना कळवलं, तर निदान प्रशिक्षित अधिकारी एकदा नीट विचारतो.

आणि दोन्ही बाजूंना संरक्षण आहे. प्रामाणिकपणे माहिती देणाऱ्यावर कलम १९(७) मुळे कोणतीही जबाबदारी येत नाही. मुद्दाम, बदनाम करण्यासाठी खोटी तक्रार करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २२ खाली शिक्षा आहे. मुलाला मात्र नाही.

संजीवनी_समुपदेशन | रविवार, सकाळी ११.४०

पाचवी-ब ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नावर कोणीच आलं नाही, म्हणून लिहिते. मी शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करते.

मूल एकदम सगळं सांगत नाही. ते आधी तुम्हाला तपासून पाहतं. ‘सर जवळ बसवतात’ हे तपासून पाहणारं वाक्य होतं. त्या क्षणी तुमचा चेहरा बदलला, आवाज चढला, तर मुलाला वाटतं की मॅडम रागावल्या, आणि ते ‘काही नाही’ म्हणून माघार घेतं. तुमचं चुकलं असं म्हणत नाहीये, तुम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. पण शिकवता येतं.

पहिलं वाक्य: ‘तू मला सांगितलंस, बरं केलंस.’ मग थांबा. शांतता सहन करायला शिकावं लागतं, त्याचाच सराव लागतो. मूल बोलत असेल तर ‘हं, मग?’ एवढंच. ‘त्यांनी इथे हात लावला का?’ असा प्रश्न नको, कारण उत्तर तुम्ही त्याच्या तोंडात घालता आणि पुढे कोर्टात तेच विचारलं जातं की हे मूल म्हणालं की मॅडम म्हणाल्या. ‘का नाही ओरडलीस’, ‘आधी का नाही सांगितलंस’ हे तर कधीच नाही. ‘तुझी काही चूक नाही’ हे जरूर सांगा.

सगळ्यात अवघड असतं ते ‘मॅडम, कोणाला सांगू नका ना.’ तिथे आपल्यातल्या कितीतरी प्रेमळ बाया ‘नाही सांगत गं’ म्हणून जातात. ते वचन पाळता येत नाही, आणि मोडलं की मुलाचा मोठ्या माणसांवरचा उरलासुरला विश्वास जातो. त्याऐवजी म्हणा, ‘तुला सुरक्षित ठेवायला मला एक-दोन मोठ्या माणसांना सांगावं लागेल. कोणाला सांगणार ते तुला आधी सांगीन.’

मूल गेलं की लगेच, त्याच दिवशी, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहा. ‘जवळ बसवतात’ म्हणाली तर ‘जवळ बसवतात’. तारीख, वेळ, तुम्ही दोघं कुठे बसला होता, कोण आजूबाजूला होतं. तुमचा अर्थ त्यात मिसळू नका.

प्रशिक्षणात हे जोडीजोडीने करून घ्या. एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने ऐकायचं. पहिल्यांदा सगळे हसतात. दुसऱ्या फेरीला हॉल शांत होतो. मी पाहिलं आहे.

आणि मुलगे विसरू नका. २००७ मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अभ्यास केला होता. लैंगिक छळ सांगणाऱ्यांचं प्रमाण ५३.२२ टक्के होतं आणि त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. आपल्या शाळांत ‘गुड टच बॅड टच’चा तास आजही पुष्कळदा फक्त मुलींना एका वर्गात बसवून घेतात.

व्हॅनवाले काका | रविवार, दुपारी २.२०

मी सहा वर्षांपासून स्कूलव्हॅन चालवून राहिलो. ट्रेनिंगले आमाले आजपर्यंत कोणी बोलावलं नाही. लेकरं रोज दीड तास आमच्यासंग रायते. कोन्तं लेकरू कोणाच्या बाजूले बसत नाही, कोणाच्या घरापाशी उतराले कासावीस होते, हे आमाले मॅडमच्या आधी दिसते. पण आमी सांगाचं कोणाले? आमीच बोललो तं लोक आमच्यावरच शंका घेते, ‘यालेच कसं समजलं’ म्हणून. या भीतीपायी किती जण चूप रायत असन, इचार करा.

पाचवी-ब | रविवार, दुपारी ३.००

काका, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी यादीत फक्त शिक्षक लिहिले होते. शिपाई, स्वयंपाकाच्या ताई, व्हॅनवाले, खेळाचे कंत्राटी सर, सगळे लिहिते.

काळा कोट | रविवार, दुपारी ३.४५

नियमातही तेच आहे, म्हणजे हे उपकार म्हणून करायचं नाही. २०२० च्या नियम ३ प्रमाणे मुलांच्या नेहमी संपर्कात येणाऱ्या प्रत्येक संस्थेने, शाळा, पाळणाघर, क्रीडा प्रबोधिनी, सगळ्यांनी, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची आणि त्यांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यायचं. कायम असो की कंत्राटी.

धरमपेठ ते सॅन होजे | रविवार, दुपारी ४.१०

मी मूळची धरमपेठची, सध्या कॅलिफोर्नियात बालवाडीत शिकवते. इकडे शिक्षकांना कायद्याने ‘मँडेटेड रिपोर्टर’ म्हणतात. सरकारी शाळांतल्या लोकांना हे प्रशिक्षण दरवर्षी शाळा सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत करावंच लागतं. वाजवी संशय आला की लगेच फोन, आणि ३६ तासांच्या आत लेखी अहवाल. मुख्याध्यापकांना सांगितल्याने सुटका होत नाही, हे इथेही अगदी पहिल्यांदा शिकवतात. कारण माणसाचा कल तिकडेच असतो, वर सांगून मोकळं व्हायचं.

एक फरक मला मोठा वाटतो. इकडे मारहाण, उपासमार, दुर्लक्ष, सगळंच कळवायचं असतं. आपला पोक्सो फक्त लैंगिक गुन्ह्यांबद्दल आहे ना? मग पाठीवर वळ घेऊन आलेल्या मुलाचं काय करायचं?

हिंगणा_अंगणवाडी | रविवार, रात्री ८.३०

हाच प्रश्न माझा. माझ्याकडे एक साडेचार वर्षांचा मुलगा येतो. अंगावर कधी चटका, कधी वळ. आई म्हणते पडला. मी त्याच गावात राहते, त्यांच्या घरावरून रोज जाते. माझं नाव पुढे आलं तर उद्या अंगणवाडीत कोणी लेकरू पाठवणार नाही.

संजीवनी_समुपदेशन | रविवार, रात्री ९.१५

ताई, १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या हेल्पलाईनला, फोन करा. दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत. माहिती देताना नाव सांगायलाच हवं असं नाही. मुलाचं वय, साधारण कुठे राहतो, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं आणि कोणत्या तारखेला, एवढं सांगा. ‘बाप मारतो’ असं सांगू नका, ‘डाव्या हातावर चटका दिसला’ असं सांगा. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ मध्ये मुलाला सांभाळणाऱ्याने केलेल्या क्रौर्याला शिक्षा आहे, आणि बाल कल्याण समिती अशा मुलाची चौकशी करू शकते. चटका आहे, म्हणून उद्यापर्यंत थांबू नका.

हिंगणा_अंगणवाडी | रविवार, रात्री १०.०५

केला फोन.

मेडिकल चौक | सोमवार, सकाळी ७.१०

मी डॉक्टर आहे. प्रशिक्षणात आपल्याच भागातली दोन प्रकरणं सांगा, ती लोकांच्या लक्षात राहतील.

पहिलं चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं. २०१९ मध्ये एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा आरोप होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्याविरुद्धचा खटला रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ ला तो आदेश फिरवला आणि सांगितलं की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि बहुतेक वेळा त्यातून गुन्हेगार पाठीशी घातला जातो. डॉक्टर दोषी की निर्दोष हे तिथे ठरलेलं नाही, पण आमच्या क्षेत्राला हा निकाल माहीत असायला हवा आणि तो पुरेसा माहीत नाही.

दुसरं नागपूरचंच. जानेवारी २०२१ मध्ये इथल्या खंडपीठाने म्हटलं होतं की कपड्यांवरून केलेला स्पर्श पोक्सोच्या कलम ७ मध्ये, म्हणजे लैंगिक हल्ल्याच्या व्याख्येत, बसत नाही. १८ नोव्हेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. महत्त्वाचा असतो तो लैंगिक हेतू, त्वचेला त्वचा लागली की नाही हे नव्हे. तेव्हा एखादं लेकरू ‘कपड्यांवरूनच हात लावला’ म्हणालं, तर ‘मग काय झालं’ असं कोणीही म्हणू नये.

दवाखान्यांबद्दल एक गोष्ट. तातडीचे उपचार द्यायला आम्ही पोलिसांचं पत्र किंवा न्यायाधीशांचा आदेश मागू शकत नाही. कोणी मागितलं, तर तो नियम तुम्हाला माहीत आहे असं ठामपणे सांगा.

आणि जिथे मला अजून झोप येत नाही तेही लिहितो. सतरा वर्षांची मुलगी, मित्राशी तिच्या मर्जीने संबंध, पोटात गर्भ. कायदा १८ च्या खाली संमती मानत नाही. कळवायचं म्हटलं की मुली दवाखान्यात येणं टाळतात आणि भलत्याकडे जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशा गर्भपाताच्या वेळी मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर डॉक्टरला पोलिसांना माहिती देताना तिचं नाव उघड करावं लागणार नाही. थोडी वाट मोकळी झाली, पण प्रश्न मिटला नाही. प्रशिक्षणात हा विषय टाळू नका. मोठ्या वर्गांच्या शिक्षकांसमोर तोच जास्त येतो.

संपादक मंडळ | सोमवार, सकाळी १०.००

सर्वांना विनंती: कोणत्याही मुलाचं नाव, शाळा, गल्ली, शिकवणीचा पत्ता, काहीही इथे लिहू नका. ओळख पटेल असं काही दिसलं तर प्रतिसाद काढला जाईल.

काळा कोट | सोमवार, रात्री ९.२०

पाचवी-ब मॅडम, दोन दिवस विचार करून लिहितो आहे. तुमच्या चार वर्षांपूर्वीच्या गोष्टीबद्दल. ती मुलगी आजही १८ च्या आत असणार. ती शिकवणी अजून चालते का?

पाचवी-ब | सोमवार, रात्री ९.५५

हो. मी परवा मुद्दाम त्या रस्त्याने गेले. बाहेर आठ-दहा छोट्या सायकली उभ्या होत्या.

काळा कोट | सोमवार, रात्री १०.१०

मग ती माहिती आजही देता येते. अशा गुन्ह्याला कालमर्यादेची अडचण नाही. तुम्ही तेव्हा पोलिसांना का कळवलं नाही, हा प्रश्न तुम्हाला विचारला जाऊ शकतो, हे लपवत नाही. त्याबद्दल इथे नको, मला खाजगी संदेश करा, जाण्याआधी बोलू. पण जावं असं माझं स्पष्ट मत आहे.

त्रिमूर्तीनगरचा बाबा | सोमवार, रात्री ११.३०

मॅडम, मी काल वेगळं लिहिलं होतं. सायकलींचं वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. जा तुम्ही. सोबत कोणी हवं असेल तर माझी पत्नी येईल, तिने स्वतः सांगितलं आहे.

पाचवी-ब | शुक्रवार, रात्री ८.४०

काल गेले. बाबांच्या पत्नी सोबत आल्या, त्यांचे आभार कसे मानू कळत नाही. अर्धा-पाऊण तास बसावं लागलं, मग एक महिला पीएसआय आल्या. शांतपणे ऐकलं.

लिहून झाल्यावर मी म्हटलं, वाचून दाखवा. त्यांनी वाचलं. त्यात लिहिलं होतं, ‘शिकवणीचे शिक्षक छेड काढतात असे मुलीने सांगितले.’ मी म्हटलं, मॅडम, ती असं म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, ‘सर जवळ बसवतात.’ आणि मी विचारल्यावर रडली होती. तेवढंच लिहा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बदललं. नोंदीचा क्रमांक, त्यांचं नाव आणि वरच्या साहेबांचा फोन मागितला, तोही दिला. मी तेव्हा पुढे का गेले नाही हेही विचारलं. मी जे खरं होतं ते सांगितलं.

मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेतील, गणवेश घालून जाणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. पुढचं मला कळेलच असं नाही. बाहेर आल्यावर पाय थरथरत होते.

आता प्रशिक्षणाचं. शाळा उघडण्याच्या आधीच्या शनिवारी ठेवलं आहे, तीन तास, एका वेळी पंचवीसच माणसं. पहिला तास जोडीने ऐकण्याचा सराव. दुसऱ्या तासाला प्रत्येकाने पोलिसांना द्यायचं एक माहितीपत्र स्वतःच्या हाताने लिहायचं आणि शेजाऱ्याने त्यात मुलाचे शब्द किती आणि लिहिणाऱ्याचे किती हे शोधायचं. तिसऱ्या तासाला राजुरा आणि नागपूरचे निकाल, १०९८, आणि आपलं पोलीस ठाणं कोणतं, हे. अर्ध्या शिक्षकांना ते सांगता आलं नाही, मी विचारून पाहिलं. आमच्या मुख्याध्यापिकांनी जुनं परिपत्रक स्वतः काढून पाहिलं. त्यात ‘अशी बाब प्रथम मुख्याध्यापकांच्या निदर्शनास आणावी’ असं वाक्य होतं. ते काढून ‘पोलिसांना त्वरित कळवावे, मुख्याध्यापकांची परवानगी आवश्यक नाही’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

संजीवनी_समुपदेशन | शुक्रवार, रात्री ९.०५

त्या परिपत्रकाची शाळेचं नाव झाकलेली प्रत मिळेल का? मला अजून चार शाळांना दाखवायची आहे.

पाचवी-ब | शुक्रवार, रात्री ९.२०

पाठवते.

हिंगणा_अंगणवाडी | शुक्रवार, रात्री ९.४५

आमच्याकडे मंगळवारी दोन माणसं येऊन गेली. मुलगा आता आजीकडे आहे. मला कोणी काही विचारलं नाही.

व्हॅनवाले काका | शुक्रवार, रात्री १०.३०

ताई, शनिवारी किती वाजता? आमच्या स्टँडवरचे सात जण येतो म्हणून राहिले. व्हॅनमधी लेकरं उतरवणारी मावशी रायते, तिले सोबत आणू काय?

पाचवी-ब | शुक्रवार, रात्री १०.३५

आणाच, काका. सकाळी आठला, वरच्या मजल्यावर, माझ्याच वर्गात.